गिट्टीच्या खदानीत माणूस मेला, तर सुरक्षेचं खातं कोणतं?

ग्वाल्हेरच्या दौलतगंजमधून एका तरुण वकील ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे एका मजुराची बायको आली. तिचा नवरा शहराबाहेरच्या गिट्टीच्या खदानीत दरड अंगावर येऊन गेला. खनिज खातं म्हणतं, आमचं काम पट्टा (खोदकामाचा करार) आणि रॉयल्टी. पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम केला आणि कागद तिथेच थांबला. मालक म्हणतो, माणूस ठेकेदाराचा होता, माझ्या हजेरीपटावर नाही. दीड लाख घ्या आणि विषय मिटवा, असा निरोप घरी आला आहे. ताई विचारतात, या सगळ्यात सुरक्षा बघणारं सरकार नक्की कोण? एवढे कायदे आहेत तर खदानीत ते दिसत का नाहीत? आणि आता करण्यासारखं काय उरलं आहे?

मॅनेजरचं प्रमाणपत्र घेऊन मी उघड्या खाणींमध्येच नोकरी केली. आधी चुनखडी, मग वालुकाश्म आणि गिट्टी. आता याच भागातल्या खदानींना सुरक्षेचा सल्ला देतो. म्हणून उत्तर थोडं लांब होईल, पण दीड लाखाची गोष्ट आधी, कारण ती थांबणारी नाही.

त्या बाईंना कुठल्याही स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ देऊ नका. 1923च्या नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार दिलेला गुणक. वय 30 असेल तर गुणक 207.98. पगार 12,000 धरला तरी रक्कम 12,47,880 रुपये होते. हिशेबात धरायच्या पगाराची कमाल मर्यादा 2020 मध्ये 15,000 केली गेली. त्या पगाराला हाच आकडा 15,59,850 वर जातो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पद्धत हीच ठेवली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर वारसांच्या हातात दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडून. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड वर. 'माणूस ठेकेदाराचा' या उत्तराला इथे किंमत नाही. मुख्य मालकाने आधी द्यायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे.

आता सरकार कोण, ते. गोंधळ खरा आहे, आणि तो माणसांच्या आळसातून कमी, रचनेतून जास्त आलेला आहे. गिट्टी, फर्शीचा दगड, मुरूम, वाळू ही सगळी गौण खनिजं. 1957च्या खनिज कायद्याच्या कलम 15 ने त्यांचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला, आणि मध्य प्रदेशाने 1996 मध्ये आपले गौण खनिज नियम केले. त्यामुळे पट्टा, रॉयल्टी, वाहतुकीचा पास, अवैध उत्खननावर कारवाई, हे सगळं जिल्हाधिकारी आणि खनिज अधिकारी बघतात. पण खाणीतल्या कामगाराची सुरक्षा हा घटनेच्या केंद्रीय सूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक 55. तो डीजीएमएसकडे, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. हे खातं जुनं आहे. 1901 मध्ये पहिला खाण कायदा झाला, 7 जानेवारी 1902 रोजी कलकत्त्यात त्याचं कार्यालय उघडलं आणि 1908 मध्ये ते धनबादला गेलं. आजही मुख्यालय तिथेच. आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं की याच खात्याचं एक क्षेत्रीय कार्यालय खुद्द ग्वाल्हेरमध्ये आहे. मजूर राहू द्या, खदानीच्या मालकांनाही पुष्कळदा ते पहिली नोटीस आल्यावरच कळतं.

म्हणजे जमीन खोदायची परवानगी भोपाळच्या साखळीतून येते, आणि ती नीट खोदली की नाही हे धनबादच्या साखळीने बघायचं. मधे पर्यावरणाची मंजुरी वेगळी, प्रदूषण मंडळाची संमती वेगळी, स्फोटकांचा परवाना नागपूरच्या पेसोकडचा, म्हणजे स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा. प्रत्येक कार्यालय आपल्या फाईलपुरतं बरोबर असतं. खनिज अधिकाऱ्याने उभी कातळभिंत पाहिली तरी ती त्याच्या फॉर्ममध्ये कुठे लिहायची याचा रकाना नाही. तो घनमीटर मोजतो, कारण त्याच्याकडून तेच मागितलं जातं.

क्रशरचा आणखी एक फाटा आहे. क्रशर खाणीला लागून आणि खाणीच्याच मालकीचा असेल तर तो खाणीतच मोजला जातो. वेगळ्या जागेवर, वेगळ्या नावाने असेल तर तो कारखाना होतो आणि राज्याच्या औद्योगिक आरोग्य व सुरक्षा खात्याकडे जातो. क्रशरच्या फिरत्या पट्ट्याला जाळी नसल्यामुळे हात अडकला, की दोन्ही खाती नकाशा मागवतात. तुमच्या प्रकरणात दरड आहे, तेव्हा हा वाद नाही.

पण मालकाचा वकील दुसरा मुद्दा नक्की काढेल: ही तर साधी दगडखाण, तिला खाण कायदा लागूच नाही. 1952च्या खाण कायद्यात कलम 3 मध्ये खरोखरच अशी सूट आहे. मुरूम, इमारतीचा दगड, रस्त्याची गिट्टी यांच्या उघड्या खाणींना बहुतेक कायदा लागू होत नाही, पण त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. खोदकामाची खोली सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंत कुठेही 6 मीटरच्या वर नसावी, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं कामावर नसावीत, आणि स्फोटकं वापरलेली नसावीत. यातली एक अट मोडली की सूट गेली. गिट्टीची कोणती खदान ब्लास्टिंगशिवाय चालते? ग्वाल्हेरजवळच्या बिलौआच्या काळ्या दगडाच्या खदानी बघा, 6 मीटर तर पहिल्याच हंगामात संपतात. आणि सूट असलेल्या खाणीतही निरीक्षकाचा प्रवेशाचा अधिकार आणि 18 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायची बंदी कायम राहते. तेव्हा तुमच्या मजुराची खदान सुटीत बसते असं कोणी म्हणालं, तर एकच विचारा, होल कशाने मारले आणि बारूद कुठून आली.

आणखी एक, तारीख बघा. 2020ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1952चा कायदा तिच्यात गेला. त्याखालचे जुने विनियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर संक्रमणाच्या काळात चालू ठेवले आहेत. अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, यावर शिक्षेचं कलम बदलतं. जुन्या कायद्यात नियम मोडल्यामुळे माणूस मेला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. होय, पाच हजार. डंपरचा एक टायरही त्यात येत नाही. नव्या संहितेत कैद तेवढीच आहे, पण दंड कमीत कमी 5 लाख केला आहे आणि त्यातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. या बदलाचं मी मनापासून स्वागत करतो. नव्या संहितेतलं सगळंच मला पटतं असं नाही. निरीक्षकाला 'सुविधाकार'ही म्हटलं आहे, आणि जिथे मुळात कोणी फिरकत नाही तिथे सल्लागाराआधी तपासणारा हवा, असं माझं मत आहे.

आता खदानीच्या आत येऊ, कारण कोर्टात उभं राहायचं तर दरड कशी पडते हे तुम्हाला माहीत हवं.

1961च्या धातुमय खाण विनियमांमध्ये विनियम 106 आहे. उघड्या खाणीसाठी बाकी सगळं विसरलात तरी हा एक वाचा. माती, मुरूम असल्या भुसभुशीत थरात कड 45 अंशांपेक्षा उभी नको, नाहीतर दीड मीटर उंचीच्या पायऱ्या करायच्या. कठीण दगडात बेंचची, म्हणजे मोठ्या पायरीची, उंची 6 मीटरपर्यंत आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नाही. यंत्रांनी चालणाऱ्या खाणीला परवानगी घेऊन यात सवलत मिळते. कडेपासून 3 मीटरच्या आत सुटा दगड, मलबा, झाड ठेवायचं नाही. आणि खालून पोखरायचं नाही. कोणालाही, कोणत्याही कारणाने, वर छज्जा राहील असं खाली कापता येत नाही.

लहान खदानीत बहुतेक माणसं या शेवटच्या वाक्याच्या उल्लंघनाने मरतात. कारण समजून घ्या, ते मजुराच्या बेफिकिरीत नाही. बेंच करायचा तर वरून खाली यावं लागतं. आधी वरची माती आणि कुजका दगड काढायचा, जो विकला जात नाही. मग रुंद पायरी सोडायची, म्हणजे पट्ट्याची तेवढी जागा अडकते. पट्टा हेक्टर-दोन हेक्टरचा असेल तर बेंच सोडून खाली उरतं किती? म्हणून मालक पायथ्याशीच पोकलेन लावतो आणि भिंत उभी ठेवून आत शिरतो. दगड वरून आपोआप सुटतो, होल कमी लागतात, डिझेल वाचतं. असं दोन-तीन वर्षं चाललं की 20-25 मीटरची सरळ भिंत उभी राहते, आणि तिच्याखाली माणसं बोल्डर फोडत बसतात. भिंतीत सांधे असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी आणि माती भरते. रोजच्या धमाक्यांनी ते थोडे थोडे उघडतात. वालुकाश्मात थर आडवे आणि मधे मऊ पट्टी, ती आधी झिजते आणि वरचा थर अधांतरी राहतो. ऑक्टोबरमध्ये काम पुन्हा जोरात सुरू होतं तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते.

दरड पडायच्या आधी सांगते. वरच्या कडेला बारीक भेग दिसते, भिंतीतून खडे गळायला लागतात, कोरड्या जागी ओल येते. जुना मेट (मजुरांचा मुकादम) हे बघतो आणि माणसं मागे घेतो. म्हणूनच कायद्याने प्रत्येक खाणीला प्रमाणपत्रधारी मॅनेजर, त्याच्या हाताखाली फोरमन, मेट आणि ब्लास्टर नेमायला सांगितलं आहे. काम सुरू व्हायच्या आधी कड तपासायची, सैल दगड पाडून घ्यायचा, आणि तसं वहीत लिहून सही करायची. त्या वहीची प्रत मागा. तुमच्या प्रकरणात ती एकतर नसेलच, किंवा महिन्याच्या सगळ्या पानांवर एकाच बैठकीत, एकाच पेनाने केलेल्या सह्या असतील. दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे.

ब्लास्टिंगबद्दल थोडक्यात, कारण तुमचं प्रकरण ते नाही. 1961च्या विनियमांनी 300 मीटरचा धोक्याचा घेरा सांगितला. फुटला नाही असा होल राहिला तर वातीच्या बाबतीत अर्धा तास जवळ जायचं नाही, आणि नवा होल जुन्यापासून किमान 30 सेंटिमीटर लांब, त्याला समांतर. जुन्या फुटलेल्या होलाच्या तळातच पुन्हा ड्रिल लावणं पूर्ण बंद आहे, आणि तरीही मेहनत वाचते म्हणून ते होतं. साठ्याचा प्रश्न त्याहून भयंकर आहे. 12 सप्टेंबर 2015 रोजी झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदला भर वस्तीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि डेटोनेटरचा स्फोट होऊन सत्तरहून अधिक माणसं गेली. ती माणसं खाणीत कामाला नव्हती. रस्त्यावर, हॉटेलात होती. परवाना होता, पण साठा कुठे ठेवला आहे हे प्रत्यक्ष जाऊन कोणी पाहत नव्हतं.

आता तुमचा मधला प्रश्न, नियम असून दिसत का नाहीत. माझं उत्तर असं की सुरक्षेच्या खात्याला खदान दिसते ती कागदावरून, आणि तो पहिला कागदच निघत नाही. खाण सुरू करायच्या किमान एक महिना आधी डीजीएमएसला सूचना द्यायची असते. तीत मालक कोण, मॅनेजर कोण, जागा कुठे हे येतं. ही सूचना दिली नाही म्हणून पट्टा अडत नाही, वाहतुकीचा पास अडत नाही, रॉयल्टीची पावती अडत नाही. मालकाला ती न देण्यात कसलाच तोटा नाही. दिली तर मॅनेजर ठेवावा लागतो, त्याचा पगार लागतो आणि निरीक्षक येऊ शकतो. मग कोण देणार? तपासणीची यादी तयार होते ती नोंद झालेल्या खाणींची. त्या यादीत मोठ्या चुनखडीच्या खाणी आणि नावाजलेल्या कंपन्या असतात, त्यांच्याकडे तपासणी होते, दोष निघतात, सुधारतात. मी तिथे काम केलं आहे, निरीक्षकाने ताबडतोब काम बंद करायचा आदेश दिलेला पाहिला आहे आणि आठवड्याच्या आत बेंच नीट झालेला पाहिला आहे. हा आदेश मोठं हत्यार आहे. धोका तातडीचा दिसला तर निरीक्षक जागेवर लेखी मनाई करू शकतो, कोर्टाची वाट बघावी लागत नाही. पण ज्या खदानीचं नावच यादीत नाही, तिथे हे हत्यार पोचत नाही.

ज्या सूचना देतात त्यांच्यातही एक खोट फोफावली आहे, कागदावरचा मॅनेजर. प्रमाणपत्र असलेला माणूस महिन्याला थोडी रक्कम घेऊन नाव देतो आणि खदानीत पाऊलही ठेवत नाही. खात्याच्या परवानगीशिवाय एका माणसाला एकाहून जास्त खाणींचा मॅनेजर होता येत नाही, पण दुसऱ्या जिल्ह्यात तेच नाव चालून जातं. माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी हे तोंडावर सांगतो: तुम्ही सही विकता तेव्हा त्या भिंतीखाली बसलेल्या माणसाचा एकुलता पहारेकरी विकता. अपघात झाला की पहिली जबाबदारी त्याच सहीवर येते, आणि ती यायलाच हवी.

तपासणी किती वेळा करायची याचंही बंधन आपल्या खाण कायद्यात नव्हतं. अमेरिकेच्या 1977च्या खाण कायद्यात भूमिगत खाणीची वर्षातून चार वेळा आणि उघड्या खाणीची दोन वेळा पूर्ण तपासणी सक्तीची आहे, मग ती गिट्टीची खाण का असेना. आपल्याकडे एका क्षेत्रीय कार्यालयाच्या वाट्याला कितीतरी जिल्हे येतात. अधिकारी मनात आणूनही प्रत्येक खदानीत पोचू शकत नाहीत. आणि दुर्गम खदानीवर एकट्या अधिकाऱ्याने जाणं सोपंही नाही. 8 मार्च 2012 रोजी मुरैन्याजवळ बानमोरला अवैध दगडाचा ट्रॅक्टर अडवताना आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार यांचा बळी गेला, हे या भागात कोणी विसरलेलं नाही.

यात एक गोष्ट फार खटकते. आपल्याकडे खाणसुरक्षेकडे लक्ष जातं ते मोठ्या दुर्घटनेनंतर. 27 डिसेंबर 1975 रोजी चासनालाच्या कोळसा खाणीत पाणी शिरून 375 माणसं बुडाली, तेव्हा देश हादरला आणि चौकशी न्यायालय बसलं. दगडखाणीत माणूस एकेकटा मरतो. एका मृत्यूसाठी चौकशी न्यायालय बसत नाही, आणि तो मृत्यू नोंदवलाच गेला नाही तर आकडेवारीतही येत नाही. देह खदानीतून उचलून रस्त्याकडेला नेऊन वाहनाची धडक दाखवणं, किंवा 'घरी जाताना पडला' असं लिहून घेणं, हे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. म्हणून सरकारी आकडे बघून 'दगडखाणी कोळशापेक्षा सुरक्षित' असं कोणी म्हणालं तर मी मानत नाही.

धुळीचं मरण तर अपघाताच्या वहीत कधीच येत नाही, आणि माझ्या मते ते दरडीपेक्षा मोठं आहे. वालुकाश्मात सिलिका भरपूर. कोरडं ड्रिलिंग आणि क्रशर यांच्या बारीक धुळीतून ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर बरं करणारं औषध नाही. विनियम 124 प्रमाणे श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा दर घनमीटरला 5 मिलिग्रॅम, किंवा 25 ला त्या धुळीतल्या मुक्त सिलिकेच्या टक्केवारीने भागून येणारा आकडा, दोन्हींतला जो कमी असेल तो. सिलिका 50 टक्के असेल तर मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमवर येते. डोळ्यांना धुकं दिसतंय अशा क्रशरवर ही मर्यादा पाळली जात असेल असं मी म्हणणार नाही. उपाय साधा आहे, ओलं ड्रिलिंग आणि क्रशरवर पाण्याचा फवारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो आणि पाणी टँकरने आणावं लागतं, म्हणून सगळ्यात आधी फवारा बंद होतो.

या धुळीचं काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलं आहे. अलिराजपूर, झाबुआचे आदिवासी गोध्र्याजवळच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि परत येऊन मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायला लावलं. शेजारच्या राजस्थानने 2019 मध्ये न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचं, धोरण आणलं: प्रमाणित रुग्णाला 3 लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी 2 लाख. वालुकाश्माचा पट्टा तोच आहे, चंबळच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडच्या मजुराला तेवढंच का मिळू नये, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

मृताचे सोबती अजून त्याच खदानीत काम करत असतील. त्यांना सांगा, कामावर घेताना आणि नंतर दर पाच वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह तपासणी करून देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि तिचा अहवाल फॉर्म 'ओ'मध्ये असतो. धाप लागते आणि टीबीची औषधं घेऊनही उतार पडत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दगडाच्या कामाची वर्षं सांगायची. सिलिकोसिस अधिसूचित रोग आहे, तो कळवणं डॉक्टरांवरही बंधनकारक आहे, आणि नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणपट्टेदारांकडून गोळा होणाऱ्या जिल्हा निधीचा, पैसा 2015 पासून जमा होतो आहे. तो खाणबाधितांच्या आरोग्यावर खर्च करता येतो. त्यातून एक एक्स-रेची गाडी या खदानींच्या गावांत फिरवा, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करता येईल.

आता ताई, तुमच्या प्रकरणात काय करायचं ते. जीवघेणा अपघात ताबडतोब फोनवर आणि 24 तासांत लेखी कळवायची जबाबदारी मालक, एजंट आणि मॅनेजर यांची होती. कळवला असेल तर डीजीएमएसने दोन महिन्यांत चौकशी करायची असते, आणि निरीक्षक येईपर्यंत, निदान 72 तास, ती जागा हलवायची नसते. कळवला नसेल, आणि मला तसंच वाटतं, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. ग्वाल्हेरच्या क्षेत्रीय कार्यालयाला आजच पत्र द्या आणि एक प्रत धनबादला पाठवा. वेळ दवडू नका. जुन्या कायद्यात खटला भरायला गुन्ह्यापासून किंवा तो निरीक्षकाला कळल्यापासून 6 महिन्यांचीच मुदत आहे, आणि तो कळवायला कोणी नव्हतं म्हणून प्रकरणं बुडालेली मी पाहिली आहेत. हा खटला तुम्हाला परस्पर भरता येत नाही, खात्याने किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी भरावा लागतो. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदवायची मागणी मात्र तुम्ही थेट करू शकता. मर्गावर थांबू देऊ नका.

पत्रात भावनेपेक्षा मापं लिहा. पट्ट्याचा क्रमांक आणि खसरा (जमिनीचा गट) क्रमांक, ते खनिज कार्यालयातून किंवा माहितीच्या अधिकारात मिळतात. मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश. भिंतीची अंदाजे उंची, बेंच आहे की नाही, खालून पोखरलेलं दिसतं का. फोटो काढताना चौकटीत माणूस किंवा पोकलेन येऊ द्या, म्हणजे उंची कळते. स्फोटकं वापरली हे सिद्ध करायला भिंतीवरच्या अर्ध्या होलांच्या खुणा पुरतात, त्यांचा जवळून फोटो घ्या. फोटोसाठी तुम्ही स्वतः त्या भिंतीखाली जाऊ नका, समोरच्या बाजूने घ्या. सोबत कामाला असलेल्या दोघांचे जबाब लगेच नोंदवून ठेवा. पगार रोखीने मिळत होता तर किती आणि कोणाच्या हातून, मुंशीचं नाव, पेटीएमवर आलेली एखादी रक्कम, वाहतुकीच्या पासवर त्या दिवशीच्या फेऱ्या. माणूस त्या खदानीतला नव्हताच, असं म्हणणाऱ्याला हेच अडवतं.

आणि मालकाला विचारा, मॅनेजर कोण आहे, त्याचं नेमणूकपत्र दाखवा. खाण कायद्यात ठेकेदारालाही मालकासारखंच जबाबदार धरलं आहे, पण त्यामुळे पट्टेदार सुटत नाही, असं मालकाच्या व्याख्येतच लिहिलं आहे. पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही द्या आणि त्यात एवढी एक मागणी जोडा: या जिल्ह्यात गिट्टीच्या वाहतुकीचा पास निघायच्या आधी मॅनेजरच्या नेमणुकीची आणि डीजीएमएसला दिलेल्या सूचनेची प्रत जोडणं सक्तीचं करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पास संगणकावर निघतो, त्यात दोन कागद अपलोड करायची जागा केली की पुरे. मी हे खात्याच्या बैठकांत वर्षानुवर्षं मांडतो आहे, पण सल्लागाराने मांडलेलं आणि मृताच्या बायकोच्या अर्जात आलेलं यांत फरक पडतो. अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, तांत्रिक बाजू मी तपासून देईन. निरीक्षक जागेवर येतील त्या दिवशी मापं घ्यायला यायचीही माझी तयारी आहे.